चुना, चिरा आणि जुने गोवे

तिसवाडी हे बेट आहे, ही गोष्ट आज तिथे जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र असा हा भूभाग आहे. पण पुलावरून बस इतक्या सहज आत शिरते की आपण पाणी ओलांडले याची नोंद मन घेत नाही. पोर्तुगीज दप्तरांत या प्रदेशाचे नाव 'इल्हास', म्हणजे 'बेटे', असे आहे. ज्यांना दर पावसाळ्यात शत्रू कोणत्या उताराने पाणी ओलांडून येईल याची धास्ती होती, त्यांना ते बेट आहे याचा विसर पडणे शक्य नव्हते. या बेटाच्या उत्तर काठावर, मांडवीला लागून, सुमारे अडीच शतके पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी होती. मोझांबिकपासून मकावपर्यंतच्या ठाण्यांचे हुकूम येथून सुटत. ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच पोर्तुगीज भाषेत रूढ झाली होती.

आज तिथे शहर नाही. राखलेली हिरवळ आहे, तिच्या कडेने उभी असलेली प्रचंड चर्चे आहेत, मेणबत्त्या विकणारे आहेत, सहलीच्या बसगाड्या आहेत. घरे, दुकाने, पेठा, शहराला शहरपण देणारे जे जे असते ते नाही. जणू एखाद्या ग्रंथातील ओव्या पुसून टाकाव्यात आणि केवळ अध्यायांची शीर्षके ठेवावीत तसा हा प्रकार आहे. युनेस्कोने १९८६ साली या स्थळाची जागतिक वारशात नोंद केली तीही 'गोव्यातील चर्चे आणि मठ' या नावाने. शहराची नोंद करायला शहर उरलेलेच नव्हते.

उजाड राजधानी ही आम्हा खानदेशातल्या माणसांना अपूर्वाईची गोष्ट नाही. तापीकाठच्या थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत, आणि तेथे एका राज्याची राजधानी होती हे शेजारच्या तालुक्यातल्या मुलांना सांगावे लागते. भडगावहून गिरणेच्या काठाने वरच्या अंगाला गेले की बहाळ लागते. तेथील पांढरीत म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ आणि पुन्हा १९५६-५७ साली उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले. 'पांढरी' हा आपल्या भाषेतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. माणसे राहून गेलेल्या जागेची माती राखेने, शेणाने, पडलेल्या भिंतींनी पांढुरकी होते. काळीत पीक येते, पांढरीत गाव असते. गाव उठून गेले तरी मातीचा रंग साक्ष देत राहतो. जुन्या गोव्याला गेलो तेव्हा याच सवयीने मी आधी पायाखाली पाहिले. माती तांबडी होती, आणि साक्षीचे काम तिच्याकडून नव्हे तर दगडांकडून करून घ्यावे लागणार हे उघड होते.

या शहराचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो असा. आदिलशाही अमदानीत हे 'एला' नावाचे भरभराटीचे बंदर होते. त्याहीपूर्वी, याच बेटाच्या दक्षिण अंगाला, जुवारीच्या काठी, कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी होती. म्हणजे एका बेटाने दोन राजधान्या वसलेल्या आणि ओस पडलेल्या पाहिल्या. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्फोन्सो द आल्बुकर्कने एला कायमचे जिंकले. १५३० पासून ते पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजधानीचे ठिकाण झाले. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्याचा वैभवकाळ. यान हायखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात येथील आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. त्याच्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात 'रुआ दिरैता' म्हणजे 'सरळ रस्ता' या मुख्य पेठेचे चित्र आहे. छत्र्या धरलेले चाकर, घोडे, पालख्या, लिलाव पुकारणारे दलाल असा सगळा थाट त्यात दिसतो. त्या लिलावात अरबी घोड्यांबरोबर माणसेही विकली जात. ते चित्र पाहून नंतर त्या रस्त्याने चालणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. रस्ता अजून आहे. मांडवीच्या धक्क्यापासून व्हाइसरॉयच्या कमानीखालून तो वर येतो आणि थोड्याच पावलांत हिरवळीत विरून जातो.

ऱ्हासाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत आणि ती बहुतेक सगळी खरी आहेत. जांभा दगड सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यांतली घाण त्यातून झिरपून विहिरींत उतरे आणि साथींमागून साथी येत. मांडवी गाळाने भरत गेली. डचांनी सतराव्या शतकात नदीचे मुख पुनःपुन्हा रोखून धरले. १६२२ साली होर्मुझ गेले, १६४१ साली मलाक्का, १६५८ साली श्रीलंकेतील शेवटचे ठाणे, १६६३ साली कोची; ज्या व्यापारावर शहर पोसले होते तो व्यापारच आटला. १६९५ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड शहराबाहेर पणेलीला हलवले. १७५९ साली ते पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यात गेले. १८४३ साली पणजीला 'नोव्हा गोवा' असे नाव आणि राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. यात एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या गोव्यातही व्हाइसरॉय १५५४ पर्यंत आदिलशाही वाड्यातच राहत. राजधानी आदिलशहाच्या एका वाड्यातून सुरू झाली आणि दुसऱ्यात येऊन स्थिरावली.

येथवरचा भाग कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडतो. पण 'काळाच्या ओघात शहर उजाड झाले' हे वाक्य मला तिथे उभा असताना टोचू लागले. काळ हा सोयीचा कर्ता आहे. त्याच्या माथी मारले की माणसांना जबाब द्यावा लागत नाही.

*

बों जेझू बॅसिलिकाचे उदाहरण घेऊ. हे चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. सेंट फ्रान्सिस झेव्हियरचे शव येथेच आहे. झेव्हियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर वारला; त्याचे शव मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणले गेले. त्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेला असून तो १६९८ साली बसवण्यात आला. दर दहा वर्षांनी शवदर्शनाचा सोहळा होतो. अलीकडचा २०२४-२५ मध्ये झाला. चर्चची दर्शनी भिंत तांबूस, खडबडीत, उघड्या जांभ्याची आहे. पाहणाऱ्याच्या तोंडून आपसूक निघते, 'किती पुरातन!' प्रत्येक छायाचित्रकाराला ती हवी असते. जुन्या गोव्याची म्हणून जी प्रतिमा सर्वांच्या मनात आहे ती याच भिंतीची.

पण हे चर्च बांधले तेव्हा असे नव्हते. त्यावर चुन्याचा गिलावा होता, जसा गोव्यातल्या इतर चर्चांवर आजही असतो आणि दर पावसाळ्यानंतर नव्याने होतो. जांभा हा पाणी पिणारा दगड. त्याला चुन्याचे कातडे हवेच. १९५० च्या दशकात, सालाझारच्या राजवटीत, पोर्तुगालहून आलेल्या वास्तुजीर्णोद्धारकांनी हा गिलावा खरवडून काढला. भिंत प्राचीन दिसावी हा त्यातला हेतू. स्वतंत्र भारत गोवा मागत होता, आणि पोर्तुगालला जगाला दाखवायचे होते की आम्ही येथे कालपरवा आलेलो नाही, साडेचारशे वर्षे आहोत. व्हाइसरॉयची कमानही, जी वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने आपल्या कारकिर्दीत उभारली होती, कोसळल्यावर १९५४ साली नव्याने उभी करण्यात आली. म्हणजे आपण ज्याला सोळाव्या शतकाचा अवशेष म्हणून नमस्कार करतो त्याचा दर्शनी चेहरा विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या राजकारणाने घडवलेला आहे. गिलावा गेल्यापासून भिंत पाऊस पिते आहे. २०२० साली चर्चच्या कारभाऱ्यांनीच तिला पुन्हा चुना लावावा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा 'तिचे पुरातन रूप बिघडेल' अशी हरकत घेणारेही निघाले. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार परका वाटू नये. एखाद्या पोथीचे उत्तरकालीन संस्करण मूळ संहिता म्हणून इतके रूढ होते की मूळ पाठ समोर आणला तर वाचकालाच तो प्रक्षिप्त वाटतो. हे आपण ज्ञानेश्वरीपासून अनेकदा पाहिले आहे.

त्याच भिंतीत आणखी एक गोष्ट आहे. जांभ्यावर बारीक कोरीव काम होत नाही, म्हणून दर्शनी भागातील नक्षीसाठी काळा बेसाल्ट वापरला आहे आणि तो जहाजांतून वसईहून आणलेला आहे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने घडले त्याच लाव्ह्याचा हा दगड. ज्याचे बालपण काळ्या दगडाच्या जोत्यांवर आणि घाटांवर गेले त्याला त्या तांबड्या परक्या भिंतीत हे आपले माणूस भेटावे तसे होते. थोडे पुढे, सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ, आदिलशाही वाड्याची म्हणून दाखवतात ती चौकटही काळ्या दगडाची आहे. आणि शहराच्या जुन्या चौकातला तो खांबही, ज्याला लोक 'हातकातरो खांब' म्हणतात. येथे गुन्हेगारांना बांधून शिक्षा देत. हा खांब एखाद्या कदंबकालीन देवळाचा असावा असे मानले जाते. देवळाचा खांब शिक्षेचा खांब होतो आणि पुढे पर्यटकांना दाखवायची वस्तू होतो, यात काळाचा हात कमी आणि माणसांचा अधिक आहे.

सेंट ऑगस्टिनचा मठ हे या माणसी कर्तृत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण. १८३४ साली पोर्तुगालमधील उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. तो हुकूम गोव्यात अमलात आला तेव्हा, १८३५ साली, हा मठ ओस पडला. १८४२ साली चर्चचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा भाग पडला, पुढे १९३६ साली आणखी काही. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा आकाशात उभा आहे. त्याची घंटा मात्र जिवंत आहे. ती आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा पाहिलेल्या वाचकाला येथे काही आठवेल. ती १७३९ च्या वसईच्या विजयातून आलेली पोर्तुगीज घंटा. सत्ता बुडते, इमारत पडते, घंटा दुसऱ्या गावी जाऊन वाजत राहते. आणि जिथे गेली तिथल्या देवाची होते.

*

आता मुळात मी जुन्या गोव्याला ज्यासाठी गेलो त्या गोष्टीकडे वळतो.

मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जुन्या गोव्याशी बांधणारा एक धागा आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली येथील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्या महाविद्यालयाची आज एक एकाकी कमान तेवढी रस्त्याकडेला उरली आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा हिंदुस्थानी वनस्पती आणि औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्या ग्रंथात एक कविता आहे; ती लुईश द कामोंईश या तेव्हा गोव्यात राहणाऱ्या कवीची, आणि पोर्तुगीज भाषेच्या या महाकवीची छापली गेलेली ती पहिली कविता. पोर्तुगालमध्ये नव्हे, मांडवीच्या काठी. ऑर्ताच्या संवादात आंतोनिया नावाची गुलाम मुलगी वनस्पती आणून दाखवते. विद्वानांच्या चर्चेत तिच्या वाट्याला एवढेच काम आहे, पण तिने आणून दिल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही. ऑर्ता १५६८ साली वारला. तो ज्यू वंशाचा होता. छुपेपणाने जुना धर्म पाळला या आरोपावरून इन्क्विझिशनने १५६९ साली त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. ज्या शहराने त्याचे पुस्तक छापले त्याच शहरात हे घडले.

आणि १६१६ साली, तिसवाडीच्या नव्हे तर साष्टीतल्या राशोलच्या छापखान्यात, फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशरचा. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत गोव्यातच राहिला. सुमारे ११,००० ओव्यांचे हे पुराण त्याने लिहिले. नित्याच्या शिकवणुकीसाठी त्याने कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तिका केली, कोकणीचे व्याकरण रचले. पण काव्यासाठी मराठी आणि ओवी निवडली, कारण गोव्यात पुराणाची, कीर्तनाची, ग्रंथाची भाषा मराठी होती. कोणत्या कामाला कोणती भाषा हा विवेक त्या परदेशी माणसाकडे होता.

खानदेशातल्या वाचकासाठी या स्टीफन्सची एक वेगळीच आठवण आहे. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे तीन सोबती असे चौघे इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांना जामिनावर सोडवण्यात स्टीफन्सचा हात होता. एप्रिल १५८४ मध्ये फिच गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडे करीत बऱ्हाणपूरला पोचला, म्हणजे फारुकींच्या खानदेशाच्या राजधानीत. तेथील मातीच्या, गवताने शाकारलेल्या घरांचे आणि पावसाळ्यात रस्त्यांतून वाहणाऱ्या पाण्याचे वर्णन त्याने केले आहे. मांडवीच्या काठचा एक जामीन अशा रीतीने तापीच्या काठापर्यंत येऊन पोचतो. पुढे १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. त्या वर्षी गोव्यात बों जेझूच्या भिंती चढत होत्या.

स्टीफन्सने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती क्रमिक पुस्तकांतून आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रत्ने, फुले, सुगंध यांचे दाखले देत तो मराठीला सर्व भाषांत साजरी ठरवतो. मीही वर्गात ती अनेकदा शिकवली आहे, आणि कबूल केले पाहिजे की एका विशिष्ट सुरात शिकवली आहे. साता समुद्रापलीकडून आलेला गोरा माणूसदेखील आपल्या भाषेने भारावून गेला, असा तो सूर. मुलांचे चेहरे खुलतात, तास चांगला होतो. पण त्याच पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे, तो मी सहसा वगळत आलो. धर्मशिक्षणाचा तास संपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला दुसरे काही का देत नाही? ग्रंथाची सगळी निर्मिती या प्रश्नातून झाली आहे.

जुन्या गोव्याच्या त्या मोकळ्या हिरवळीवर उभे राहिल्यावर हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. पुराणे वर्ज्य का होती? १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडण्यात आली. समोरच्या दिवाडी बेटावरचे, कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, त्यातच गेले. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेण्यात आला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले. जिथे आदिलशहाचा वाडा होता, जिथे आधी व्हाइसरॉय राहत, तोच तिचा वाडा झाला. लोक त्याला भीतीने 'व्हडलें घर', मोठे घर, म्हणत. शार्ल दलाँ या फ्रेंच डॉक्टराने तेथील कोठडीचा अनुभव १६८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि युरोपभर खळबळ माजली. न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. खटल्यांची दप्तरे जाळण्यात आली. पुढे वाडाही पाडला गेला. आज सी कॅथेड्रलसमोरच्या चौकात त्याची एक भिंतही नाही. जी वास्तू शहरातल्या प्रत्येक घरावर सावली धरून होती, तिचाच तेवढा मागमूस उरू नये, हे काळाच्या ओघात झाले असे कोणी म्हणू नये.

म्हणजे ज्या पोकळीत 'ख्रिस्तपुराण' जन्मले ती पोकळी बळाने निर्माण केलेली होती. आणि ते पुराण तरीही खरे काव्य आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी सांगणे कठीण जाते. पहिले सांगितले की विद्यार्थी ग्रंथ मिटवून ठेवू पाहतात. दुसरे सांगितले की पहिले विसरले जाते. याबाबतीत अ. का. प्रियोळकरांचे उदाहरण मला नेहमी आधार देते. हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास त्यांनी १९५८ साली लिहिला. त्यात गोव्यातील मिशनऱ्यांच्या छापखान्याचे ऋण त्यांनी नेमके मोजले आहे. १९६१ साली त्यांनीच 'गोवा इन्क्विझिशन' लिहिले. प्रियोळ हे त्यांचे मूळ गाव. तिसवाडी-साष्टीतून पळवून नेलेले कितीतरी देव ज्या फोंडे महालात आश्रयाला आले त्याच महालातले. त्यांना एका पुस्तकासाठी दुसरे झाकावे लागले नाही.

*

मराठी माणूस जुन्या गोव्यात आला की १६८३ हे साल आठवल्याशिवाय राहत नाही. फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर पराभव पत्करून परतला, आणि नोव्हेंबरच्या २४ तारखेच्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने राजधानीसमोरचे जुवे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय चालून गेला तो जखमी होऊन कसाबसा माघारी आला. शहर हाताशी आले होते. तेव्हा व्हाइसरॉयने झेव्हियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला. पुढे शाहआलमच्या मोगल फौजेची चाल कळल्यावर महाराजांना परतावे लागले, आणि शहर वाचले ते संतकृपेने असे गोव्यात मानले गेले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतूनच हा सारा इतिहास उभा केला. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा १९६७ चा ग्रंथ या बाबतीत अजून पायाभूत आहे.

या प्रसंगाची गोष्ट आपण येथेच संपवतो. 'थोडक्यात हुकले' असे म्हणून निश्वास टाकतो. पण तिचे पुढचे पान साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. त्याच आल्व्होरने २७ जून १६८४ रोजी हुकूम काढला की एतद्देशीयांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्याच सुमारास राजधानी मुरगावला हलवण्याचा बेतही ठरला. घाबरलेली सत्ता प्रथम दोन गोष्टी करते असे दिसते: जागा बदलू पाहते आणि लोकांची भाषा बदलू पाहते. मुरगावची राजधानी कधी पुरी झाली नाही. लोकांनी भाषाही सोडली नाही. पण स्टीफन्सची परंपरा खुंटली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातले मुद्रणच थांबले, ते १८२१ साली पुन्हा सुरू झाले. १६१६, आणि त्यानंतर १६४९ व १६५४, अशा तीन आवृत्त्या निघालेल्या 'ख्रिस्तपुराणा'ची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग ते आपल्यापर्यंत आले कसे? हाताने उतरवलेल्या प्रतींतून. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले, घरांतून आणि चर्चांतून गायले, नकलून ठेवले. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्यांनी ते पुन्हा छापले. देवनागरी लिपीतली एक प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडली. १९५६ साली शांताराम बंडेलूंनी ते पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केले. ज्या छापखान्याचा आपण गौरव करतो त्याच्याकडून नव्हे, तर परागंदा झालेल्या माणसांच्या कंठातून आणि बोरूतून ग्रंथ वाचला. ज्या शहरात त्याला परवानगीचा शिक्का मिळाला असेल ते शहर राहिले नाही. पोकळीतून जन्मलेले ते पुराण मात्र कोणाच्या तरी घरी खरेच हवे होते, म्हणून राहिले.

परतताना पुन्हा ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी थांबलो. तेथील ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला २००४ साली काही अस्थी मिळाल्या. जॉर्जियाची राणी केतेवान हिला धर्मांतर नाकारल्याबद्दल १६२४ साली शिराझ येथे हाल करून मारण्यात आले. तिचे अवशेष ऑगस्टिनी पाद्र्यांनी १६२७ साली गोव्याला आणले, असे जुन्या कागदपत्रांत होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेने केलेल्या डीएनए तपासणीनंतर त्या अस्थी तिच्याच असाव्यात असा निष्कर्ष २०१३ साली निघाला, आणि २०२१ साली भारताने तिचा अवशेष जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला. धर्म सोडला नाही म्हणून मारल्या गेलेल्या राणीच्या हाडांना ज्या शहराने आदराने जागा दिली, त्याच शहराने त्याच दशकांत धर्म सोडत नाहीत म्हणून इतरांना शिक्षा दिल्या. मनोऱ्याखाली उभे राहून हा विरोध सोडवायचा प्रयत्न मी केला नाही.

आता 'ख्रिस्तपुराण' शिकवताना मी त्या ब्राह्मणाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भाषास्तुती त्यानंतर. मुलांचे चेहरे पूर्वीइतके चटकन खुलत नाहीत. गेल्या खेपेस मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग ते पुस्तक आपले की त्यांचे?" मी त्याला भिंतीची गोष्ट सांगितली: जांभा तिथला, नक्षीचा काळा दगड आपल्याकडचा, चुना एकाने लावला आणि दुसऱ्याने खरवडला, आणि आत पाऊस झिरपतो आहे. तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा चुना लावायला पाहिजे." तास संपल्याची घंटा झाली होती. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.